टोला बसला की हात झिणझिणतो, हँडल करकरतं: टेनिस बॉलच्या बॅटचा नेहमीचा आजार

आधी लक्षणं. यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं वाचा. एकच असेल तर पहिल्या तीन तपासण्यांतच काम होईल.

- बॉल बॅटच्या मधोमध लागतो, तरी तळहातात झिणझिण्या येतात. खालच्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी जास्त.
- ‘टक्’ असा कोरडा आवाज जाऊन ‘फट्’ किंवा ‘खर्र’ असा फुटका आवाज येतो.
- ब्लेड (बॅटची फळी) एका हाताने धरून दुसऱ्या हाताने हँडल पिळलं की आत काहीतरी करकरतं.
- ग्रिप नीट बसवली तरी दोन ओव्हरमध्ये फिरते.
- खांद्याजवळ, जिथे हँडल ब्लेडमध्ये शिरतं तिथे, केसासारखी रेघ दिसते. सकाळी नसते, दुपारी दिसते.
- सीमारेषेपार जाणारा टोला तिच्या दहा पावलं अलीकडे पडतो.

ही तक्रार वर्षातून दोन वेळा हमखास येते: एप्रिल-मे मध्ये आणि पाऊस लागल्यावर. कारण बहुतेक वेळा टोल्यात नसतं, हवेत असतं. ते पुढे येईलच.

१. बॉल नेमका लागतो कुठे? (खर्च: एक खडू)

ब्लेडवर खडू किंवा चुना पातळ फासा आणि वीसेक बॉल खेळा. डाग कुठे पडले ते बघा. तळापासून साधारण १२ ते २० सेंमीच्या पट्ट्यात डाग असतील आणि तरीही हात झिणझिणत असेल, तर दोष बॅटमध्ये आहे. बहुतेक डाग तळाच्या चार बोटांत किंवा वर खांद्याजवळ असतील तर बॅट निर्दोष आहे.

हे आधी का बघायचं? टोला बसताच बॅट धनुष्यासारखी किंचित वाकते आणि थरथरते. थरथरताना तिच्या दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात, एक ब्लेडमध्ये आणि एक हँडलमध्ये. बॉल ब्लेडमधल्या त्या स्थिर जागेजवळ लागला तर थरथर फारशी उठतच नाही, म्हणून फटका ‘लोण्यासारखा’ जातो. तिथून दूर लागला की सगळी थरथर हातात येते. विटी-दांडू खेळताना विटी दांडूच्या टोकाला लागली की जो झटका बसतो, तोच हा. टेनिस बॉल आपल्या मुरमाड मैदानावर खाली राहतो, त्यामुळे अर्धे पोट्टे तळाशीच खेळतात आणि दोष बॅटला देतात.

२. बॉल आणि बॅटची जोडी जुळते का?

टेनिस बॉलची बॅट हलकी ठेवण्यासाठी मागून खोल कोरलेली असते. कोरलेल्या भागात लाकूड पातळ असतं. साधा टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, लेदरचा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे जवळपास तिप्पट वजन, आणि तेही टणक. ‘आज बॉल नाही, लेदरनेच खेळू’ असं एक संध्याकाळ जरी झालं असेल, तर मागचा कोरलेला भाग आणि दोन्ही एज (बाजूच्या कडा) बोट फिरवून बघा. बोटाला आडवी रेघ लागली तर पुढच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही, लाकूडच तुटलंय. उभी रेघ, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाणारी, तेवढी घातक नसते. फायबर टेपने ती आवरते.

३. ग्रिप

ग्रिप पूर्ण काढा. फक्त वरून दाबून बघू नका. घामाने आणि तेलकट हातांनी रबर आतून चिकट होतं, ग्रिप हँडलवर फिरते आणि ती फिरू नये म्हणून आपण मूठ घट्ट आवळतो. आवळलेल्या मुठीत तीच थरथर जास्त जाणवते. नवी ग्रिप हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि अर्ध्या बॅट इथेच बऱ्या होतात.

ग्रिप चढवायचा कोन (शंकूसारखं साधन) नसेल तर हँडलवर पातळ पॉलिथिनची पिशवी चढवा, ग्रिपच्या आत टाल्कम पावडर टाका, ग्रिप पिशवीवरून खाली सरकवा आणि शेवटी पिशवी वरून ओढून काढा. खालचं टोक सव्वा इंची चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर ती महिन्याभरात वर गुंडाळते. सायकलची ट्यूब कापून ग्रिप म्हणून चढवण्याची गावोगाव पद्धत आहे. खालचा थर म्हणून ट्यूब चालते, वरचा थर म्हणून नाही. घाम आला की ती साबणासारखी निसटते.

ग्रिप काढलीच आहे तर हँडलचं वरचं टोक बघून घ्या. वेताच्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये काळ्या रबराच्या किंवा कॉर्कच्या रेघा दिसतात का? दिसल्या तर हँडल नीट बनवलेलं आहे. सगळंच एकसारखं लाकूड दिसलं तर ही बॅट नवी होती तेव्हापासूनच झिणझिणत असणार. तिला काही झालेलं नाही, ती तशीच आहे. जाड ग्रिप, नाहीतर दोन ग्रिप, यापलीकडे उपाय नाही.

वेताच्या त्या हँडलमागे मोठं डोकं आहे. आधी बॅट एकाच लाकडातून घडवत आणि हात सुन्न होत. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात चार्ल्स रिचर्डसन या रेल्वे इंजिनियरने विलो या लाकडाच्या ब्लेडमध्ये व्ही आकाराची खाच करून वेताचं हँडल बसवायची रीत आणली. वेत लवचिक, त्यामुळे थरथर हातापर्यंत पोचण्याआधी विरते. बेसबॉलची लाकडी बॅट आजही एकाच लाकडाची असते, म्हणून तिचा चुकलेला टोला हातात जास्त झोंबतो. तिथे हँडल आणि पुढचा जाड भाग वेगवेगळे करून मध्ये लवचिक जोड देणाऱ्या बॅट हौशी खेळात आल्या त्या खूप नंतर. पण या युक्तीची किंमत एकच: जिथे जोड आला तिथे ढिलेपणा आला. तुमच्या बॅटचा आजार याच जोडात आहे का, ते आता बघायचं.

४. जोडाची परीक्षा

तीन परीक्षा आहेत. तिन्ही करा. एकीवर भरवसा ठेवू नका.

पहिली: हँडलचं टोक दोन बोटांत सैल धरून बॅट लोंबकळत ठेवा. जुना बॉल मोज्यात घालून त्याने ब्लेडवर खालून वर हळूहळू ठोका. चांगल्या बॅटचा आवाज जागेप्रमाणे हळूहळू बदलतो. जोडाजवळ येताच आवाज एकदम मेला किंवा ‘खर्र’ झाला तर जोडात पोकळी आहे.

दुसरी: जोडाच्या रेघेवर आडवी पेन्सिलची रेघ मारा, अर्धी ब्लेडवर, अर्धी हँडलवर. एक ओव्हर खेळा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर हँडल आत हलतंय, शंका नको.

तिसरी: टो (बॅटचं खालचं टोक) गोणपाटावर टेकवा, हँडल मागे हलकं वाकवा आणि रेघेत दाढीचं पान सरकवून बघा. दोन-तीन मिलिमीटर गेलं तर वरवरची फट. सेंटीमीटरभर गेलं तर गोंद सुटलाय.

ही तिसरी परीक्षा दुपारी चारच्या सुमारास करा. सकाळी हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगलेलं असतं आणि फट मिटलेली दिसते.

हे एप्रिल-मे मध्येच का होतं

बॅटसाठी विलो साधारण १० ते १२ टक्के ओलावा राहील इतका वाळवलेला असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा करकरीत कोरडी होते. पत्र्याच्या घरात, मोटरसायकलला बांधून किंवा मैदानाच्या कडेला उन्हात पडलेली बॅट ओलावा सोडते आणि आकसते. विलो आणि वेत एकसारखे आकसत नाहीत. दोघांच्या मधला गोंद ताणला जातो. हे एकवेळ चाललं असतं.

खरा घात कूलर करतो. रात्री कूलरच्या खोलीत कोपऱ्यात उभी ठेवलेली बॅट रात्रभर दमट हवा पिते आणि फुगते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. रोज फुगणं, रोज आकसणं. दोन महिन्यांत गोंदाचा थर तुकड्या-तुकड्याने सुटतो. बॅट कूलरच्या खोलीत ठेवू नका आणि पत्र्याखालीही नको. मातीच्या भिंतीची आतली खोली, आडवी, जमिनीपासून वर. एवढी काळजी पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा स्वस्त.

पावसाळ्यातलं कारण वेगळं. ओल्या मैदानावर टो पाणी ओढतो, फुगतो, आणि तिथून उभी चीर निघते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत हिवाळ्यात खेळतात तेव्हा सकाळच्या दवानेही हेच होतं. बॅटच्या खालच्या टोकाला रबराचा पट्टा लावला असेल तर त्याची कड सुटली नाही ना, एवढं पावसाआधी बघा.

जे करायचं नाही

कुऱ्हाडीचा किंवा कुदळीचा दांडा ढिला झाला की आपल्याकडे तो रात्रभर पाण्यात ठेवतात. बॅटचं तसं करू नका. पाण्याने हँडल फुगतं, फट मिटते, दोन दिवस बॅट नवी वाटते. पण फुगलेलं लाकूड चहूबाजूंनी दाबलं जातं, त्याचे धागे चिरडतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होतं. म्हणजे फट आणखी मोठी. कुऱ्हाडीला लोखंडाचं डोकं असतं, ते पुन्हा पुन्हा ठोकता येतं. इथे गोंद आहे, तो पाण्याने मऊ पडतो.

खिळा किंवा स्क्रू नको. वाढई चांगल्या मनाने मारून देतो, पण खिळ्यापासून चीर सुरू होते आणि पंधरा दिवसांत खांदा फुटतो. इन्स्टंट गोंद टोच्या बारीक चिरेला ठीक, जोडात नको. तो वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्या जोरदार टोल्याला तडकतो. वर, एकदा तो आत गेला की पुढे दुसरा कोणताही गोंद लाकडाला धरत नाही.

५. दोरा नव्याने गुंडाळणं

जोडाची रेघ हललेली नाही, पण ग्रिपखालचा दोरा सैल किंवा तुटलेला दिसतो, अशी बॅट असेल तर एवढंच करा. दोरा हँडलच्या पट्ट्यांना एकत्र आवळून ठेवतो. तो सुटला की पट्ट्या एकमेकींवर घासतात, करकर तिथूनच येते.

जुना दोरा काढा, हँडल बारीक सँडपेपरने पुसा. साधारण १ मिमी जाडीचा नायलॉन किंवा मेण लावलेला दोरा घ्या. हँडलचा घेर अंदाजे १०-११ सेंमी धरला तर खालच्या १० सेंमी भागासाठी १२ मीटर दोरा लागेल, पूर्ण हँडलसाठी ३५ मीटर आणा. दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दोरा ताणून मागे जा आणि बॅट फिरवत गजाकडे चालत या. हाताने गुंडाळलेल्यापेक्षा असा दोरा कितीतरी घट्ट बसतो. हँडलवर पांढऱ्या वूड गोंदाचा पातळ हात आधी फिरवा. वेढे एकमेकांना खेटून, मध्ये फट नको, एकावर एकही नको.

शेवटची गाठ मारू नका, ती ग्रिपखाली टोचते. शेवटचे दहा वेढे घेण्याआधी दुमडलेल्या दोऱ्याचा एक फासा हँडलवर उभा ठेवा, त्यावरून वेढे घ्या, टोक फाशात ओवा आणि फासा ओढून टोक वेढ्यांखाली दडवा.

६. जोडात गोंद भरणं

दाढीचं पान सेंटीमीटरभर आत गेलं, पण हँडल अजून हाताने निघत नाही, अशाच बॅटसाठी ही दुरुस्ती. लाकूडकामाचा पाणी न धरणारा पांढरा गोंद, १० मिलीची सिरिंज, जाड सुई (जनावरांच्या औषधाच्या दुकानात नवी मिळते), सायकलची जुनी ट्यूब, सुती दोरी, काडी. एवढं लागतं.

ट्यूब उभी चिरून २-३ सेंमी रुंदीची लांब पट्टी करा. बॅट दोन दिवस सावलीत ठेवा, आत ओल असेल तर गोंद धरत नाही. हँडल मागे वाकवून फट उघडा, सुईने आत जितका जाईल तितका गोंद सोडा. मग हँडल पुढे-मागे सात-आठ वेळा हलवा. हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि गोंद आत ओढला जातो. पुन्हा सोडा. दोन्ही बाजूंनी. साधारण ४ ते ६ मिली जातो. त्याहून जास्त जात असेल तर आत मोठी पोकळी आहे, थांबा आणि शेवटचा भाग वाचा.

आता दाब. नुसती ट्यूब आवळून चालत नाही, कारण व्ही आकाराचा जोड बाजूने दाबला की हँडल वर निसटू बघतं. म्हणून आधी उभा दाब द्या: हँडलच्या टोकापासून टोपर्यंत दोरीचा फास करा, टोखाली गोणपाटाची घडी घाला, आणि दोरीत काडी घालून पीळ द्या, गाडीवरचं ओझं आवळतात तसा. मग जोडावर ट्यूबची पट्टी ताणून सहा-सात वेढे. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या कापडाने पुसा.

उन्हाळ्यात हे काम संध्याकाळीच करा. दुपारी ४५ अंशांत गोंदाची वरची साय मिनिटांत धरते आणि आतला तसाच ओला राहतो. उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात चार दिवस हात लावू नका. उद्या मॅच आहे, हे कारण गोंदाला चालत नाही. नंतर दोरा (तपासणी ५) आणि ग्रिप.

तेल

जोड पक्का झाला की ब्लेडला तेल. बॅटला कच्चं जवसाचं तेल लागतं, आणि ते आपल्या घाणीवरच मिळतं. शहरातले लोक ते बाटलीतून विकत घेतात. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घेऊ नका, त्यात लवकर वाळवणारी रसायनं असतात, ते आत न मुरता वर कातडीसारखं बसतं. चहाचा एक चमचा तेल एका ब्लेडला पुरतं. समोरचा भाग, एज, टो. हँडल आणि जोडाची रेघ सोडून, कारण तेल मुरलेल्या लाकडाला पुढे गोंद धरत नाही. बॅट आडवी ठेवा, एक दिवस. ब्लेडवर प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असेल तर उघड्या भागालाच. एक हात होळीनंतर, एक दिवाळीनंतर, बस. जास्त तेलाने बॅट जड आणि मठ्ठ होते.

तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा केलेली चिंधी उन्हाळ्यात आपोआप पेट घेऊ शकते. घरात कापसाची गंजी असेल तर विचारायलाच नको. चिंधी पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा किंवा पुरा.

इथे थांबा

हँडलवर दोन मुठींच्या मधल्या भागात आडवी चीर असेल तर बॅट त्याच क्षणी बाजूला. टेप, गोंद, काहीही नाही. असं हँडल टोल्याच्या मध्यावर तुटतं आणि ब्लेड समोरच्याच्या दिशेने उडतं.

खांद्यावरची चीर जोडाच्या खाचेत शिरली असेल, हँडल हाताने उपसून निघत असेल, किंवा एकदा गोंद भरूनही महिन्याभरात रेघ पुन्हा हलली असेल, तर काम हँडल बदलण्याचं आहे. जुनं हँडल कापून काढणं, खाच नव्याने साफ करणं, नवं हँडल त्या कोनात तासणं, हे बॅट बनवणाऱ्याचंच काम. दाराच्या चौकटी करणारा चांगला वाढईसुद्धा इथे चुकतो, कारण मिलिमीटरभर फट राहिली तरी सगळं पुन्हा तेच. नागपूर किंवा अमरावतीच्या खेळाच्या दुकानांत चौकशी करा. बॅट देण्याआधी तीन गोष्टी विचारा: हँडल वेताचं आणि रबर घातलेलं असेल का, जोडाला कोणता गोंद, आणि खर्च किती. खर्च नव्या बॅटच्या निम्म्याच्या वर गेला तर स्वस्त काश्मिरी विलोच्या टेनिस बॅटवर तो करू नका.

आणि बॅट लेदरच्या, नियमांनी होणाऱ्या सामन्यांसाठी असेल तर दुरुस्त करणाऱ्याला आधीच सांगा. ब्लेडवरचं संरक्षक किंवा दुरुस्तीचं आवरण १ मिमीपेक्षा जाड चालत नाही. फायबर टेपचे थरावर थर चढवलेली बॅट पंच बाजूला ठेवायला सांगू शकतात.